बेलाडोना घेतलेली बेथ

लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’मध्ये, म्हणजे शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेल्या ‘चौघीजणी’मध्ये, सतराव्या प्रकरणात एक प्रसंग येतो. जेमतेम दोन पानांचा. वाचणारा तिथे फार रेंगाळत नाही, कारण पुढे बेथचं आजारपण आहे आणि एव्हाना जीव तिच्यात गुंतलेला असतो. मी मात्र ही कादंबरी पुन्हा हातात घेतली की याच दोन पानांपाशी अडते. व्हिक्टोरियन काळातल्या घरगुती औषधपेटीबद्दल, त्यातही होमिओपॅथीच्या पेटीबद्दल, वाचण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्या पेटीने घरातल्या बाईला काय दिलं आणि काय दिलं नाही, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या खरेपणाने सांगितलेलं मला दुसरीकडे आढळलं नाही.

आधी प्रसंग. वडील आजारी असल्याची तार आली म्हणून आई वॉशिंग्टनला गेली आहे. पहिले काही दिवस मेग, जो, बेथ आणि एमी या चौघी मार्च बहिणी शहाण्यासारख्या वागतात, मग हळूहळू ढिल्या पडतात. हमेल नावाच्या गरीब जर्मन कुटुंबाकडे जाऊन त्यांची विचारपूस करायची, हे आईने सांगून ठेवलेलं काम. ते एकटी बेथच करत असते. एके दिवशी ती बहिणींना म्हणते, आज तुमच्यापैकी कुणीतरी जा. तिथलं बाळ आजारी आहे आणि त्याला काय करावं ते मला कळत नाही. मेग दमलेली असते. जोला सर्दी असते, म्हणजे शेजारच्या लॉरीबरोबर बाहेर जाण्याइतकी ती बरी असते, हमेलांकडे जाण्याइतकी नसते; बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते टोचतं. घरकाम पाहणारी हॅना शेकोटीपाशी पेंगते आहे. शेवटी जड झालेलं डोकं घेऊन बेथच टोपरं बांधते, टोपलीत मुलांसाठी थोडंफार घालते आणि थंडीत बाहेर पडते.

ती उशिरा परत येते आणि कुणाला न दिसता वर आईच्या खोलीत शिरते. अर्ध्या तासाने काहीतरी घ्यायला आलेल्या जोला ती आईच्या सामानाच्या कोठीत सापडते: औषधांच्या पेटीवर बसलेली, चेहरा गंभीर, डोळे लाल, हातात कापराची बाटली. जो पुढे येऊ लागताच ती हात आडवा करते आणि पहिला प्रश्न विचारते, तुला स्कार्लेट फीव्हर येऊन गेलाय ना? येऊन गेलाय हे कळल्यावरच ती बाकीचं सांगते. बाळ गेलं, आणि तिच्याच मांडीवर गेलं. बाळाची आई डॉक्टरला घेऊन येईपर्यंत ती त्याला तसंच धरून बसली होती. डॉक्टरने पाहिलं, इतर मुलांचे घसे पाहिले, मला आधी बोलवायला हवं होतं म्हणून तो रागावला. मग एकदम बेथकडे वळून म्हणाला, घरी जा आणि ताबडतोब बेलाडोना घे. तिने घरी येऊन आईचं पुस्तक उघडलं, लक्षणं ताडून पाहिली, आपल्याला तसंच होतंय हे ओळखलं आणि बेलाडोना घेतलं.

पहिली गोष्ट मनात भरते ती बसण्याची जागा. अल्कॉटला बेथला खुर्चीवर बसवता आलं असतं, पलंगावर निजवता आलं असतं. तिने तिला पेटीवर बसवलं. आई घरात नसताना आईच्या जास्तीत जास्त जवळ जाता येईल अशी घरात हीच एक जागा आहे. या घरात कुणाला खरचटलं, कुणाचं पोट दुखलं की आई याच पेटीकडे येत असणार. बेथ भ्यालेली आहे. भ्यालेलं लेकरू आईच्या कुशीत जातं, आणि कूस नाही म्हणून ते पेटीवर जाऊन बसतं. लेखिका यातलं काहीच बोलून दाखवत नाही. ती फक्त सांगते की पेटी होती आणि मुलगी तिच्यावर बसली होती.

ज्या पेटीवर तेरा-चौदा वर्षांची मुलगी बसू शकते, ती मोठी पेटी असते. तशी पेटी तेव्हा बऱ्याच खात्यापित्या घरांत असायची. तिच्यात रेवाचिनी, इपेकॅक, अफूचा अर्क म्हणजे लॉडनम, आणि पाऱ्यापासून केलेलं कॅलोमेल असायचं. औषध तोलायला छोटा तराजू, मोजायला काचेचं माप, कुटायला खलबत्ता. या पेटीतलं औषध खरोखरच औषध होतं, म्हणजे चुकलं तर माणूस मरत असे. अफूचे चार थेंब जास्त पडले की मूल उठत नसे.

होमिओपॅथीची घरगुती पेटी तिच्यापुढे अगदीच लहान. पुष्कळशा पेट्या एखाद्या जाड पुस्तकाएवढ्या. महॉगनीच्या नाहीतर साध्या लाकडाच्या, प्रवासासाठी केलेल्या चामड्याच्या. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये अशा पेट्या जपून ठेवल्या आहेत. झाकण उघडलं की आत भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकात बोटभर लांबीची काचेची कुपी, तिला बूच आणि बुचाच्या माथ्यावर गोल कागदी चकती. कुपी बाहेर काढायची गरजच नाही, वरून पाहिलं की नावं वाचता येतात: अ‍ॅकोनाइट, बेलाडोना, ब्रायोनिया, कॅमोमिला, नक्स व्होमिका, पल्सेटिला. कुपीत बारीक पांढऱ्या गोळ्या. काही पेट्यांना खाली एक उथळ खण असायचा आणि त्यात बाहेरून लावायचे अर्क, मुक्या मारासाठी अर्निका, जखमेसाठी कॅलेंड्युला. तराजू नाही, खल नाही, माप नाही. चमचाभर पाणी आणि त्यात विरघळवलेल्या दोन-चार गोळ्या, एवढ्यात सगळी कृती संपते.

ही पेटी सहसा एकटी विकली जात नसे. तिच्या जोडीला पुस्तक असे, आणि तिथेच तिची खरी ताकद होती. मूळचे जर्मन, पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेले डॉ. कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी १८३५ मध्ये घरगुती उपचारांचं पुस्तक काढलं, तेव्हा औषधांना क्रमांक दिले. तेच क्रमांक पेटीतल्या कुप्यांवर. लॅटिन नावांना बिचकणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोनेही पुस्तकात लक्षण शोधावं, क्रमांक पाहावा आणि ती कुपी उचलावी. लंडनमध्ये जोसेफ लॉरी यांचं घरगुती होमिओपॅथीचं पुस्तक १८४२ मध्ये आलं आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. औषधं विकणारे होमिओपॅथीचे खास दुकानदार उभे राहिले. होमिओपॅथीच्या पथ्यात कॉफी वर्ज्य, म्हणून यातल्याच जेम्स एप्स यांनी कोको विकायला घेतला आणि तो इंग्लंडभर खपला. एका छोट्या पेटीने घराच्या न्याहारीपर्यंत हात पोचवला होता, तो असा.

मार्च कुटुंबाच्या मोठ्या पेटीत होमिओपॅथीच्या कुप्या होत्या का, हे कादंबरी सांगत नाही. आईचं पुस्तक कोणतं, तेही सांगत नाही. पण बेलाडोना हा शब्द त्या काळच्या वाचकाला पुरेसा होता. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी १८०१ मध्ये स्कार्लेट फीव्हरवर एक पुस्तिका लिहिली होती आणि तिच्यात बेलाडोनाची अगदी पातळ केलेली मात्रा हा ताप टाळण्यासाठी सांगितली होती. बेलाडोना मुळात जहाल विष. ते अंगात भिनलं की तोंड-घसा कोरडा पडतो, चेहरा आणि कातडी लालबुंद होते, अंग तापतं, माणूस बरळू लागतो. स्कार्लेट फीव्हरचं चित्रही पुष्कळसं असंच, लाल अंग, घशाची आग, ताप. ज्या द्रव्याने निरोगी माणसात जी लक्षणं उठतात, तशाच लक्षणांच्या रोगावर ते द्रव्य अल्प मात्रेत द्यावं, हा हानेमान यांचा सिद्धान्त. त्या सिद्धान्ताला यापेक्षा साजेसं उदाहरण मिळणं कठीण. पुढे होमिओपॅथ नसलेले काही डॉक्टरही बेलाडोना प्रतिबंधक म्हणून देऊ लागले. म्हणून हमेलांच्या घरी आलेला तो चिडका डॉक्टर कोणत्या पंथाचा, हे ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही.

आता हातातली कापराची बाटली. मला ती फार बोलकी वाटते. होमिओपॅथीच्या पुस्तकांत कापराबद्दल सक्त ताकीद असे: त्याच्या वासाने बाकीची औषधं निकामी होतात, म्हणून त्याची कुपी पेटीबाहेर, दूर ठेवावी. दुसरीकडे साथीच्या तापात कापूर हुंगावा, जवळ बाळगावा, ही जुन्या आजीबाईंची रीत. बेथने पोटात बेलाडोना घेतलं आहे आणि हातात कापूर धरला आहे. पुस्तकी शिस्तीने पाहिलं तर एका उपायाने दुसरा पुसून टाकला. अल्कॉटने हे मुद्दाम योजलं असेल असं मी म्हणणार नाही. पण तिने एका खऱ्या घराकडे पाहून लिहिलं, म्हणून हे आपोआप आलं. खऱ्या घरात कुठलाही उपचार एकटा राहत नाही. डॉक्टरचं बेलाडोना, आजीचा कापूर, हॅनाची पेज, सगळं एकाच कोठीत नांदतं आणि घाबरलेलं माणूस हाताला येईल ते धरतं.

बेथने स्वतःच्या हाताने बेलाडोना घेतलं, यावर आजचा वाचक दचकेल. अल्कॉटच्या पानावर मात्र भीतीची सगळी कारणं तापाकडे आहेत, औषधाकडे एकही नाही. जो किंचाळत नाही की तू किती घेतलंस. ज्या घरात लहान मुलीने न विचारता बेलाडोना घेतलं तरी कुणी घाबरत नाही, त्या घराला पातळ केलेल्या औषधाची सवय आहे, असं मी या मौनावरून वाचते. मोठ्या पेटीच्या तुलनेत छोट्या पेटीची थोरवी हीच होती. शंभरास एक या प्रमाणात पुन्हा पुन्हा पातळ करत गेलं की बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा कणही हाती लागण्याची आशा उरत नाही. अशा गोळीने रोग हटत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. स्कार्लेट फीव्हर स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूमुळे होतो आणि त्याला पेनिसिलीन लागतं. पण ती गोळी मारत नसे, आणि तेव्हाच्या उपचारांत हा गुण दुर्मीळ होता.

अल्कॉटला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. डिसेंबर १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या युनियन हॉटेल रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेली. काही आठवड्यांतच तिला टायफॉइड-न्यूमोनियाने गाठलं आणि डॉक्टरांनी तिच्यात कॅलोमेलचे भरपूर डोस ओतले. ती जगली, पण नंतरची पंचवीस वर्षं अंगदुखी, अशक्तपणा आणि दुखणी सोबतीला राहिली. पाऱ्याने आपलं वाटोळं केलं अशी तिची शेवटपर्यंत खात्री होती. तिचं दुखणं नक्की कशाचं, यावर आजचे वैद्यक-अभ्यासक वेगवेगळं बोलतात. मे १८६३ मध्ये सेनेचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी कॅलोमेल सैन्याच्या औषधांच्या यादीतून काढून टाकलं, एवढा त्याचा अतिरेक झाला होता. पुढच्या काळात लुइझावर बोस्टनचे होमिओपॅथ डॉ. कॉनराड वेसलहोफ्ट उपचार करत. १८६८ मध्ये ती बेथला पेटीवर बसवते तेव्हा लिहिणाऱ्या हाताने कॅलोमेल पचवलेलं असतं. म्हणून बेथला काय दिलं जातं, यापेक्षा काय दिलं जात नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिच्या जवळपास पारा फिरकत नाही.

प्रसंगातलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य जोचं आहे, खरं तर जोच्या हालचालींचं. ती आईचं पुस्तक हिसकावून घेते. एक पान वाचते, बेथकडे बघते, कपाळाला हात लावते, घशात डोकावते आणि मग गंभीरपणे आपलं मत सांगते. अल्कॉटने हे एका दमात लिहिलं आहे. घरगुती औषधाच्या पुस्तकाने बायकांना काय शिकवलं ते इथे डोळ्यांना दिसतं. अक्षर वाचायचं, मग शरीर वाचायचं, मग पुन्हा अक्षराशी ताडायचं. होमिओपॅथीच्या पुस्तकांचा तर सगळा भर याच्यावर. नुसता खोकला म्हणून भागत नाही. कोरडा की ओला, रात्री वाढतो की पहाटे, मूल चिडचिड करतं की कडेवर घेतल्यावर गप्प होतं, तहान आहे की नाही? कॅमोमिला द्यायचं की पल्सेटिला, हे त्यावर ठरायचं. मुलाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या आईला जे दिसतं आणि पाच मिनिटांसाठी येणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही, त्याला या पुस्तकांनी पुराव्याचा दर्जा दिला. १८४८ च्या सेनेका फॉल्स स्त्री-हक्क परिषदेच्या एक प्रवर्तक एलिझाबेथ केडी स्टँटन स्वतःच्या मुलांना आणि शेजाऱ्यांना होमिओपॅथीची औषधं देत असत, हे मला म्हणूनच जुळणारं वाटतं. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय एकदा लागली की ती आजाऱ्याच्या खोलीपुरती राहत नाही.

जोचं निदान बरोबर निघतं. त्याआधी बेथचंही बरोबर निघालेलं असतं. दोघी मुली, शाळेबाहेर वाढलेल्या, एक पान वाचून जे सांगतात तेच नंतर मार्चांकडे बोलावलेले डॉक्टर, डॉ. बँग्ज, येऊन सांगतात. उलट ताप हलका जाईल हा डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

आणि इथेच हा प्रसंग मला सलतो. बेथ आठवडाभर हमेलांच्या बाळाकडे जात होती. काय करावं कळत नाही, असं तिने त्या दुपारी बहिणींना सांगितलं होतं. पुस्तक तेव्हाही वर कोठीतच होतं. ते कुणीच उघडलं नाही. मेगला सुचलं नाही, जोला सुचलं नाही, बेथलाही नाही. ते आईचं पुस्तक होतं, आई नसताना ते बंद राहिलं आणि उघडलं गेलं ते बाळ गेल्यावर, डॉक्टरने हुकूम सोडल्यावर. मिसेस हमेल डॉक्टरला सांगते की पैसे नव्हते म्हणून मीच बाळाला बरं करायला बघितलं. म्हणजे घरच्या घरी उपचार तीही करत होती, पण तिच्याजवळ ना पेटी होती, ना पुस्तक. त्या पेटीने बाळ वाचलं असतं असं मी म्हणत नाही. स्कार्लेट फीव्हरपुढे तिचाही इलाज नव्हता. पण त्या पानावर घशाचं लक्षण लिहिलेलं होतं. चार दिवस आधी ते कुणी वाचलं असतं तर बेथला त्या घरात एकटीला पाठवलं नसतं, डॉक्टर लवकर आला असता, बाकीची मुलं वेगळी निजवली असती. पेटीतलं सगळ्यात मोलाचं औषध कागदावर छापलेलं होतं.

हे अल्कॉटने स्वतःच्या घरातून उचललं आहे, पण उचलताना एक मोठा फेरफार केला आहे. १८५६ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या वॉलपोल गावी तिच्या आईने, अ‍ॅबा अल्कॉटने, एका गरीब कुटुंबातल्या आजारी मुलांची सेवा केली. ज्या तळघरात पूर्वी डुकरं ठेवली जात, त्याच्यावर हे कुटुंब राहत होतं. त्या घरातून ताप अल्कॉटांच्या घरी आला आणि लिझी व मे या धाकट्या मुली आजारी पडल्या. लिझी त्यातून पुरती सावरली नाही. मार्च १८५८ मध्ये, तेविसाव्या वाढदिवसाआधी, ती गेली. प्रत्यक्षात ताप घरात आला तो आईच्या दयाळूपणातून. कादंबरीत आई दूर आहे, तिच्यावर कसलाही ठपका येत नाही. तिचं काम बेथ करते आणि ‘मी गेले नाही’ ही टोचणी जोच्या, म्हणजे लेखिकेच्या स्वतःच्या वाट्याला येते. दहा वर्षांनी कागदावर आईला सोडवून दोष आपल्या अंगावर घेणारी ही मुलगी मला तिच्या सगळ्या विनोदी पानांपेक्षा जवळची वाटते.

अठराव्या प्रकरणात पुस्तकाचा पत्ता नाही. बेलाडोनाचं नावही पुन्हा येत नाही. ताप चढत जातो, डॉ. बँग्ज येतात-जातात आणि बरंचसं हॅनावर सोपवतात. सतराव्या प्रकरणात हॅनाने ठासून सांगितलेलं असतं की नीट काळजी घेतली तर या तापाने कुणी मरत नाही. हमेलांचं बाळ त्याच दिवशी मेलेलं असताना ती हे सांगते, आणि मुलींना ते ऐकायला हवं असतं. मग जो रात्रंदिवस उशाशी बसते. पेटीच्या जागी आता माणसं आली आहेत. अल्कॉटची परिचारिका म्हणून असलेली जाण इथे दिसते. तिने रुग्णालयात पाहिलेलं होतं की औषधापेक्षा उशाशी कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. मध्यरात्रीनंतर ताप उतरतो तो एखाद्या गोळीने उतरला, असं सुचवणारा एकही शब्द तिथे नाही.

राहिली धाकटी एमी. तिला हा ताप कधी आलेला नसतो, म्हणून तिची रवानगी मार्च आत्याकडे होते. रडतभेकत, लॉरीने रोज फिरायला न्यायचं कबूल केल्यावर ती तयार होते. निघताना तिला धोका टळावा म्हणून काहीतरी औषध दिलं जातं. काय, ते अल्कॉट लिहीत नाही. पुस्तक उघडं होतं आणि बेलाडोनाची बाटली कोठीत होती, त्यावरून आपण समजायचं. एमीला ताप येत नाही. त्या काळातल्या कितीतरी आयांनी अशा वेळी पेटीवर प्रेमाने हात फिरवला असेल आणि शेजारणीला सांगितलं असेल की गोळीने पोर वाचली. हानेमान यांची कीर्ती वाढली ती अशाच पोरींमुळे, ज्यांना घरातून वेळेवर हलवलं आणि निघताना एक गोळी दिली. अल्कॉट गोळीही देते आणि मुलीला आत्याकडेही धाडते, आणि ती वाचली कशाने, याबद्दल अवाक्षर लिहीत नाही.